पोलिसांनी पिस्तुलं घेतली, मग जुन्या रिव्हॉल्वरचं काय झालं?

अमेरिकी पोलिसांच्या कमरेवरून रिव्हॉल्वर उतरायला पन्नास वर्षं लागली. इलिनॉय राज्य पोलिसांनी १९६७मध्ये स्मिथ अँड वेसनचं मॉडेल ३९ हे ९ मिमी पिस्तूल घेतलं, पण बाकीची मोठी खाती रिव्हॉल्वरवरच राहिली. खरी घाई सुरू झाली १९८६नंतर. त्या वर्षी ११ एप्रिलला मायामीत दोन बँक दरोडेखोरांशी झालेल्या चकमकीत एफबीआयचे दोन एजंट ठार आणि पाच जखमी झाले. बहुतेक एजंटांकडे सहा गोळ्यांची रिव्हॉल्वर होती. हाताला गोळी लागलेल्या एका एजंटला तर आपलं रिव्हॉल्वर पुन्हा भरताच आलं नाही. त्याच सुमारास ग्लॉक १७ हे पिस्तूल अमेरिकेच्या बाजारात आलं होतं. सतरा गोळ्यांचं मॅगझिन, वजन कमी, आणि रिकामं झालं की दोन-तीन सेकंदांत दुसरं मॅगझिन चढवता येतं. न्यूयॉर्क पोलिसांनी १९९३पासून नव्या भरतीला पिस्तूल द्यायला सुरुवात केली. जुन्या शिपायांना मात्र रिव्हॉल्वर ठेवायची मुभा होती. ती शेवटची मुभा ३१ ऑगस्ट २०१८ला संपली.

या पन्नास वर्षांत शस्त्रागारांतून बाहेर पडलेल्या रिव्हॉल्वरची संख्या अफाट आहे. सगळ्यात जास्त भरणा स्मिथ अँड वेसनच्या मॉडेल १०चा: .३८ स्पेशल काडतूस, सहा घरांचा सिलिंडर (गोळ्या बसतात ते फिरतं नळकांडं), बहुधा चार इंची नळी, वजन किलोला थोडं कमी. याच घडणीची ६० लाखांहून जास्त रिव्हॉल्वर कारखान्यातून निघाली आहेत. त्याचाच स्टेनलेस भाऊ मॉडेल ६४, जास्त दमदार मॅग्नम काडतुसाची मॉडेल १९ आणि ६६, कोल्टचं ऑफिशियल पोलीस, रूगरचं सर्व्हिस-सिक्स, ही बाकीची मंडळी.

लोकांना वाटतं की पोलिसांनी टाकलेलं हत्यार म्हणजे झिजून गेलेलं भंगार. पोलीस रिव्हॉल्वरच्या बाबतीत हे बहुधा उलटं असतं. शिपाई ते वीस वर्षं रोज कमरेला लावतो, पावसात भिजवतो, गाडीच्या दारावर आपटतो, पण झाडतो वर्षातून एक-दोनदा, तेही सरावाच्या मैदानावर. त्यामुळे बाहेरून निळा मुलामा उडालेला, लाकडी मुठीला खोका पडलेल्या, आणि आतली यंत्रणा मात्र जवळजवळ नव्यासारखी, असं हे हत्यार असतं. म्हणूनच त्याला गिऱ्हाईक असतं, आणि म्हणूनच त्याचं पुढे काय करायचं हा प्रश्न पडतो. खरोखर झिजलेलं असतं तर सरळ भट्टीत गेलं असतं.

निर्णय होतो तो नव्या पिस्तुलाच्या निविदेत

जुन्या रिव्हॉल्वरचं भवितव्य बहुतेक वेळा कोणी वेगळं बसून ठरवत नाही. ते नव्या पिस्तुलांच्या खरेदीच्या कागदात, एका ओळीत ठरून जातं. सराफाकडे जुना दागिना मोडीत देऊन नवा घडवतात, तसाच हा व्यवहार. पुरवठादार नव्या मालाचा दर देतो आणि खाली लिहितो: जुन्या प्रत्येक नगामागे इतकी वजावट.

उदाहरणादाखल हिशेब मांडू. २०० पोलिसांचं खातं आहे. नवं पिस्तूल खात्याला ४०० डॉलरला पडतं, म्हणजे एकूण ८०,००० डॉलर. जुन्या रिव्हॉल्वरला १५० डॉलर मोड मिळाली तर ३०,००० वजा होतात आणि नगरपालिकेला ५०,००० डॉलर भरावे लागतात. छोट्या गावाच्या अंदाजपत्रकात हा फरक मोठा. मग पोलीसप्रमुख नगरपरिषदेपुढे 'बदलाचा एक तृतीयांशाहून जास्त खर्च वाचतोय' असं सांगू शकतो. ग्लॉक कंपनीने अमेरिकेत इतक्या लवकर जम बसवला त्यात पिस्तुलाच्या गुणांइतकाच या मोडीच्या सवलतीचा हात होता.

याच सवलतीने १९९८मध्ये न्यू ऑर्लीन्स शहराची पंचाईत केली. बंदूक उत्पादकांवर खटला भरणारं ते पहिलं मोठं शहर. आणि त्याच शहराच्या पोलिसांनी नवी पिस्तुलं घेताना जप्तीची आणि जुनी अशी हजारो शस्त्रं मोडीत दिल्याचं बाहेर आलं. म्हणजे ज्या बाजाराविरुद्ध खटला, त्याच बाजारात माल ओतणारे आपणच. त्या सुमारास पोलीसप्रमुखांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनेही जुनी शस्त्रं विकू नका, नष्ट करा, अशी भूमिका घेतली. पण ती नुसती शिफारस होती, आणि वजावटीची ओळ निविदेत तशीच राहिली.

शस्त्रागारातून बाहेर पडताना

मोजणीपासून गोंधळ सुरू होतो. मॉडेल १०चा अनुक्रमांक फ्रेमवर, म्हणजे मुख्य सांगाड्यावर, मुठीच्या तळाला कोरलेला असतो. कारखान्याची लाकडी मूठ तळाला उघडी असल्यामुळे तो सहज दिसतो. पण बऱ्याच शिपायांनी रबरी मूठ बसवून घेतलेली असते आणि ती तळ झाकते. मग कारकून सिलिंडर बाहेर काढतो, आतल्या खाचेत एक आकडा दिसतो, तोच लिहून मोकळा होतो. जुन्या नगांवर तो आकडा अनुक्रमांक नसतो, कारखान्यात भाग जुळवताना टाकलेला जुळणी क्रमांक असतो. असे दहा-वीस आकडे यादीत घुसले की खात्याची नोंद आणि प्रत्यक्ष माल यांचा मेळ कधीच बसत नाही. उपाय साधा आहे: पेचकस घ्या, मूठ काढा, एकाने आकडा मोठ्याने वाचा, दुसऱ्याने लिहा आणि परत वाचून दाखवा.

मूठ काढण्याचा आणखी एक फायदा. घाम आणि पावसाचं पाणी मुठीखालीच साचतं, त्यामुळे गंजही तिथेच लपलेला असतो.

मुठीमागच्या पट्टीवर खात्याचं नाव किंवा बिल्ल्याचा क्रमांक कोरलेला असतो. काही खाती विकण्याआधी तो घासून काढायला सांगतात. हे काम बेताने करावं लागतं, कारण अनुक्रमांक शेजारीच असतो आणि अनुक्रमांकाला धक्का लावणं हा अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याखाली गुन्हा आहे. त्यात खात्याची खूण असलेल्या नगाला संग्राहक जास्त पैसे मोजतात, म्हणजे घासायला मजुरी द्यायची आणि किंमतही पाडून घ्यायची. तरीही खाती घासतात. उद्या हे हत्यार एखाद्या गुन्ह्यात सापडलं तर छायाचित्रात आपलं नाव नको, एवढंच त्यामागचं कारण.

काही रिव्हॉल्वर या टप्प्यावरच वेगळी काढली जातात. निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्याला आपलं हत्यार नाममात्र किमतीत विकत घेता येतं, ही अनेक खात्यांची जुनी रीत. एखाद-दुसरं संग्रहालयात किंवा प्रशिक्षणाला जातं. बाकीची खोक्यांत भरून पुरवठादाराकडे रवाना होतात. ती सुटी, एकमेकांवर टाकून पाठवली तर वाटेत घासतात आणि पोचल्यावर भाव उतरतो, हे पुरवठादाराला माहीत असतं, खात्याला बहुधा नसतं.

परवानाधारकाच्या वहीत

पुरवठादाराकडे केंद्रीय परवाना असावाच लागतो. माल आला की प्रत्येक नगाची बनावट, मॉडेल, अनुक्रमांक आणि कोणाकडून आला हे त्याने आवक-जावक वहीत पुढचा कामाचा दिवस संपेपर्यंत लिहायचं. तिथून माल घाऊक व्यापाऱ्यांकडे आणि त्यांच्याकडून दुकानांत जातो. परवानाधारक ते परवानाधारक या व्यवहारात फक्त वहीतली नोंद पुरते. सामान्य गिऱ्हाईक आलं की ४४७३ क्रमांकाचा अर्ज भरावा लागतो आणि त्याची पार्श्वभूमी तपासली जाते. ही तत्काळ तपासणीची व्यवस्था १९९८च्या ३० नोव्हेंबरपासून सुरू आहे. परवानाधारकाकडून हँडगन घ्यायला वय किमान २१ लागतं. एकाच माणसाने पाच कामाच्या दिवसांत दोन किंवा जास्त हँडगन घेतल्या तर दुकानदाराला वेगळा अहवाल पाठवावा लागतो.

इथपर्यंत साखळी पक्की असते. त्या पहिल्या गिऱ्हाइकाने ते पुढे विकलं की ती सुटते. कित्येक राज्यांत खासगी माणसाने खासगी माणसाला विकताना कागद लागतच नाही. बंदुकांची केंद्रीय नोंदवही अमेरिकेत नाही, कायद्यानेच ती ठेवायला मनाई आहे. तपासणीत पास झालेल्या गिऱ्हाइकाची नोंदही २४ तासांत पुसली जाते.

म्हणून गुन्ह्याच्या जागी रिव्हॉल्वर सापडलं की शोध उलट दिशेने, पायरी पायरीने करावा लागतो. वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गमध्ये केंद्रीय शोध केंद्र आहे. तिथले लोक आधी कारखान्याला विचारतात: हा क्रमांक कोणाला विकला? कारखाना सांगतो, अमुक पोलीस खात्याला, १९७४ साली. मग खात्याला विचारायचं. तिथे यादी नीट ठेवलेली असेल तर पुरवठादाराचं नाव मिळतं. नसेल, किंवा त्यात वर सांगितलेले जुळणी क्रमांक लिहिलेले असतील, तर शोध तिथेच थांबतो. मूठ काढायचा कंटाळा तीस वर्षांनी असा अंगाशी येतो.

हा धोका कागदावरचा नाही. ऑगस्ट १९९९मध्ये लॉस एंजेलिसमधल्या एका ज्यू समाजकेंद्रात गोळीबार करून त्याच हल्लेखोराने एका टपाल कर्मचाऱ्याला ठार मारलं. त्या खुनातलं छोटं ग्लॉक वॉशिंग्टन राज्यातल्या कॉस्मोपोलिस या छोट्या गावाच्या पोलिसांनी मोडीत दिलेलं होतं. ते पिस्तूल होतं, रिव्हॉल्वर नव्हे, पण वाट तीच. २०२४मध्ये पत्रकारांनी न्यायालयात झगडून मिळवलेल्या सरकारी नोंदींतून दिसलं की २००६पासून कधीकाळी पोलिसांच्या मालकीची असलेली ५२,०००हून जास्त शस्त्रं गुन्ह्यांच्या तपासात सापडली आहेत.

नष्ट करायचं तर नेमकं काय नष्ट करायचं?

अमेरिकी कायद्यात 'बंदूक' म्हणजे फ्रेम. नळी, सिलिंडर, घोडा, चाप, स्प्रिंगा हे सगळे सुटे भाग. ते कोणीही टपालाने मागवू शकतो. त्यामुळे नष्ट करणे म्हणजे फ्रेम पुन्हा कधीच वापरता येणार नाही अशी करणे.

मान्य पद्धती तीन: वितळवणे, यंत्रात चुरा करणे, किंवा चेंदामेंदा करणे. हे जमत नसेल तर गॅस कटरने फ्रेम ठरावीक जागी तिरकी कापायची, आणि दर कापात किमान पाव इंच, म्हणजे सहा मिलिमीटरच्या आसपास, धातू जळून नाहीसा व्हायला हवा. आरीचा काप बारीक असतो, धातू जागच्या जागी राहतो आणि हुशार वेल्डर दोन्ही तुकडे पुन्हा जोडू शकतो. नळीत शिसं ओतणं, घोड्याचं टोक कापणं, सिलिंडरला भोक पाडणं हे सगळं दिखाऊ. सिलिंडर बदलला की हत्यार पुन्हा चालू.

भट्टीत टाकण्याआधी लाकडी आणि रबरी मुठी काढाव्यात, प्रत्येक नग रिकामा असल्याची खात्री करावी, आणि अनुक्रमांक यादीशी ताडून दोघांनी सह्या कराव्यात. भरलेलं घर तपासायला चुकलं तर भट्टीजवळच्या माणसाचा जीव जाऊ शकतो. रिव्हॉल्वरमध्ये हे तपासणं सोपं आहे: सिलिंडर बाहेर काढला की सहाही घरं एका नजरेत दिसतात.

यातही एक पळवाट निघाली. शहरांची शस्त्रं 'मोफत नष्ट करून देणाऱ्या' कंपन्या प्रत्यक्षात फक्त फ्रेम चिरडतात आणि बाकीचे भाग संच करून विकतात, हे २०२३च्या अखेरीस अमेरिकी वृत्तपत्रांतून उघड झालं. कायदा मोडला गेला नव्हता. करारात 'पूर्ण हत्यार नष्ट करावे' असे शब्दच नव्हते. मोफत मिळणाऱ्या सेवेचा खर्च कुठून निघतो, हे विचारायचं राहून गेलं होतं. जुन्या मॉडेलांचे घोडे, चाप, सिलिंडर मिळेनासे झाले असल्यामुळे त्या संचांना मागणीही चांगली असते. उलट बाजूला, ॲरिझोनासारख्या राज्यांनी सरकारी ताब्यात आलेली शस्त्रं नष्ट करण्यावरच बंधनं घातली. तिथे ती विकावीच लागतात.

विकलेलं रिव्हॉल्वर तपासताना

दुकानात पोचलेल्या नगाला कोणती परीक्षा द्यावी लागते, हे पाहिलं की पोलिसांच्या हातात ते कसं वापरलं गेलं याचा अंदाज येतो. आधी अर्थातच सिलिंडर उघडून रिकामं असल्याची खात्री, मग पुढचं.

पहिली परीक्षा वेळेची. सिलिंडरवर बोट हलकेच दाबून ठेवत घोडा सावकाश मागे ओढायचा. घोडा पूर्ण मागे जाण्याआधी सिलिंडर 'टक' करून अडकला पाहिजे, आणि हे सहाही घरांवर वेगवेगळं तपासायचं. एखाद्या घरावर उशीर झाला तर गोळी नळीत सरळ शिरत नाही, कड खरवडून शिशाचे कण बाजूला उडतात. न्यूयॉर्कसारख्या खात्यांनी घोडा हाताने मागे ओढायची सोयच काढून टाकली होती. अशा नगात ही परीक्षा चाप सावकाश दाबून करावी लागते.

दुसरी, सिलिंडर आणि नळी यांच्यामधली फट. मोजपट्टीने ती साधारण ०.१० ते ०.२५ मिमी भरली पाहिजे. फार कमी असेल तर काजळी साचली की सिलिंडर अडकतो, जास्त असेल तर गॅस वाया जातो आणि कण उडतात. सिलिंडर पुढे-मागे हलतो का हेही बघायचं. दमदार काडतुसांचा भडिमार झाला असेल तर ती ढिलाई वाढलेली असते. ती बारीक पोलादी वॉशरनी भरून काढता येते.

तिसरी खास मॉडेल १९ आणि ६६साठी. यांच्या नळीच्या मागच्या तोंडाचा खालचा भाग जागा करण्यासाठी सपाट कापलेला असतो, म्हणजे तिथे धातू पातळ. १२५ ग्रेन (साधारण ८ ग्रॅम) वजनाच्या हलक्या, वेगवान मॅग्नम गोळ्या भरपूर झाडल्या की नेमका तिथेच तडा जातो. त्यामुळे टॉर्चच्या उजेडात नळीचा तळ बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. कंपनीने पुढे जास्त जाड फ्रेमची मॉडेल्स काढली, त्यामागे हेच दुखणं होतं. .३८वर चाललेल्या मॉडेल १०ला हा त्रास सहसा होत नाही.

आणि चौथी परीक्षा, काडतूस कोणतं? दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनला गेलेली स्मिथ अँड वेसनची रिव्हॉल्वर .३८/२०० या वेगळ्या काडतुसाची होती. युद्धानंतर ती स्वस्तात परत आली, नळ्या आखूड केल्या गेल्या आणि घरं खोल करून त्यांत .३८ स्पेशल बसवलं गेलं. पण मूळ घर रुंद, नवं काडतूस अरुंद. त्यामुळे झाडल्यावर पुंगळी मध्ये फुगते आणि गोळी नळीत सैल जाते. राष्ट्राध्यक्ष केनेडींवर गोळी झाडणाऱ्या ली हार्वी ओस्वाल्डने नोव्हेंबर १९६३मध्ये डॅलसच्या पोलीस शिपायाला मारलं ते असंच बदललेलं, टपालाने मागवलेलं रिव्हॉल्वर होतं. गोळी सैल गेल्यामुळे तिच्यावरच्या खुणा त्या नळीशी निर्विवाद जुळवणं एफबीआयच्या तज्ज्ञांना अवघड गेलं, पुंगळ्यांवरून मात्र हत्यार ओळखता आलं.

आपल्याकडे हा बाजार का नाही

भारतात पोलिसांचं जुनं रिव्हॉल्वर म्हणजे वेब्ली किंवा एन्फिल्ड घराण्यातलं, वर सांगितलेल्या त्याच .३८/२०० काडतुसाचं. त्याची जागा हळूहळू ईशापूरच्या ९ मिमी ऑटो पिस्तुलाने घेतली. त्यात १३ गोळ्या बसतात. २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यानंतर मुंबई पोलिसांकडे ग्लॉकही आली.

पण इथे मोडीचा व्यवहार उभा राहूच शकत नाही. शस्त्र नियमांच्या पहिल्या अनुसूचीत .३८० (म्हणजे वरचंच .३८/२००) आणि .४५५ची कडेवाली काडतुसं किंवा सैन्याचं ९ मिमी काडतूस झाडू शकणारी पिस्तुलं-रिव्हॉल्वर निषिद्ध वर्गात टाकली आहेत. म्हणजे पोलिसांनी टाकलेलं .३८ रिव्हॉल्वर जिल्ह्याच्या शस्त्र परवान्यावर कोणा शेतकऱ्याला किंवा पेढीवाल्याला विकता येत नाही. निषिद्ध शस्त्राचा परवाना देण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे आहे आणि तो क्वचितच मिळतो. पुरवठादाराला गिऱ्हाईकच नाही, तर तो वजावट कशाची देणार? त्यामुळे आपल्याकडे उरते ती सरकारी वाट: निरुपयोगी ठरवणं, निर्लेखन म्हणजे नोंदीतून कमी करणं, आणि नाश.

नागरिकांसाठी कानपूरच्या सरकारी कारखान्याने वेगळं .३२ रिव्हॉल्वर काढलं, आणि २०१४मध्ये त्याच काडतुसाचं हलकं 'निर्भीक' आणलं. .३२चं रिव्हॉल्वर बघाल तर सांगाडा ओळखीचा वाटेल. मधून दुमडून उघडणारं, नळी खाली वाकली की रिकाम्या पुंगळ्या एकदम वर ढकलणारं, ते वेब्लीच आहे. फक्त त्याच्या घरात पोलिसांचं काडतूस बसत नाही.